नाव जातं, फोटो जात नाही

“मग काय, जुनंच ठेवायचं होतं का, माई? भोकं पडलेलं?”

शार्दूल ठोसरने स्क्रीनवरची नजर न हलवता विचारलं.

“मी कुठं तसं म्हटलं?”

“तुम्ही नाही म्हणालात. तुमचा चेहरा म्हणतोय.”

“चेहरा कधी पाहिलास? सकाळपासून त्या काचेकडंच तर बघतोयस.”

माई व्हरांड्यात उभ्या होत्या, गजांच्या खिडकीपलीकडे. यंत्रांच्या खोलीत चप्पल आणि जेवणाचा डबा न्यायचा नाही हा नियम त्यांनीच घातलेला, आणि त्या दिवशी त्यांच्या हातात डबा होता.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं हे एका ट्रस्टचं हॉस्पिटल. डोंगरात त्याची बारा केंद्रं. प्रत्येक केंद्रात एक नर्स, हातात मावेल एवढं एक्स-रे मशीन आणि हॉस्पिटलशी जोडलेली एक लाइन. तिथे काढलेला फोटो या लाइनने खाली यायचा आणि इथल्या डॉक्टरांच्या टेबलावर उमटायचा. मध्ये फायरवॉल होती, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं ते ठरवणारं यंत्र. रविवारी शार्दूलने तिचं फर्मवेअर बदललं. यंत्राच्या पोटातली जुनी आज्ञावली काढून नवी घातली.

काम त्याने चोख केलं होतं. त्याआधी तीन आठवडे तो ट्रस्टच्या लोकांशी भांडला होता, की गरिबांच्या आजारांची माहिती अशी उघड्यावर टाकणं हा गुन्हा आहे, आणि तुम्हाला रात्री झोप कशी लागते. पुण्यातली मोठी नोकरी सोडून तो इथे आला होता. हळू चाललेली कुठलीही गोष्ट पाहिली की त्याच्या कपाळावरची शीर उडायची.

आज मंगळवार. दुपारचे पावणेतीन.

वर काकरपाड्याच्या केंद्रात हुनाबाई वळवी कोपर धरून बसली होती. सकाळी छपरावर कौलं नीट करताना ती खाली पडली. फोटो काढून झाला होता, पण तो इथे पोहोचत नव्हता.

काकरपाड्याहून खाली येणारी जीप दिवसातून एकच. चार वाजता सुटायची. हाडाची भेग सांध्यात शिरली असेल तर हुनाबाईला त्या जीपमध्ये घालायलाच हवं, नाहीतर हात कायमचा अडकेल. नसेल शिरली तर तिथेच प्लास्टर. उगाच आणायचं म्हणजे पाच तासांचे खड्डे, तो सुजलेला कोपर, आणि मांडीवर चार महिन्यांचं पोर.

हाडांचे डॉक्टर तडवी दोनदा दारात येऊन गेले होते. आता तिसऱ्यांदा आले.

“ठोसर, आला का रे बाबा फोटो?”

“लाइन चालू आहे, डॉक्टर.”

“मी लाइन नाही विचारली. फोटो विचारला.”

“काकरपाड्याची सिस्टर काहीतरी चुकतेय.”

“मोबाइलवर मागव की मग.”

“तिथे मोबाइलवर फक्त बोलता येतं. तेही टेकडीवर चढून.”

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, माईंकडे पाहिलं, आणि गेले.

शार्दूल खुर्चीसकट खिडकीकडे वळला.

“बघा माई. मी हजार पिंग मारले.”

पिंग म्हणजे पलीकडच्या यंत्राला मारलेली हाक. पलीकडून ‘ओ’ आली की वाट मोकळी आहे असं समजायचं.

“हजारच्या हजार परत आले! एक हरवला नाही. अजून काय पुरावा हवा?”

“मला कशाला हवा? हुनाबाईला हवा.”

“तुम्ही थट्टा करताय.”

“नाही रे.” माईंनी डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. “मला खरंच कळत नाहीये. तू हाक मारलीस, पलीकडून ओ आली. मग फोटो कुठं जातो?”

“तेच तर! कुठेच जात नाही. ती पाठवतच नाहीये नीट.”

“असं ती म्हणते?”

“ती काय म्हणणार! ती सकाळपासून फलकावर एकच वाक्य लिहितेय.”

केंद्रांसाठी हॉस्पिटलचा एक संदेशफलक होता. बारा नर्स आणि शार्दूल. त्याने तो माईंना दिसेल असा वळवला. जयवंती पाडवी, काकरपाडा केंद्र. ‘सर फोटो जात नाही.’ खाली शार्दूलचं उत्तर, ‘पासवर्ड बदलून नीट टाका.’ पुन्हा ‘सर फोटो जात नाही.’ पुन्हा उत्तर, ‘सिस्टर, स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचायची सवय लावा. मशीन बंद करून चालू करा.’ मग तिसऱ्यांदा तेच. आणि मग काहीच नाही.

माईंनी ते वाचलं. वाचताना त्यांचे ओठ हलत होते.

“हे सगळ्या बाराजणींना दिसतं?”

“हो. दिसलंच पाहिजे. एकीची चूक बाकीच्यांनी करू नये.”

“आणि बाकीच्यांची काही तक्रार?”

“एकही नाही.” शार्दूलच्या आवाजात जरा विजय होता. “म्हणूनच म्हणतो, गडबड काकरपाड्यात आहे. फायरवॉलमध्ये नाही.”

माईंनी फलक पुन्हा वरपासून वाचला.

मग म्हणाल्या, “तिला फोन लाव.”

“माई, वेळ नाहीये. मी लॉग वाचतोय, यंत्राची नोंदवही. अकरा हजार ओळी आहेत.”

“वाच. फोन मी लावते.”

माईंची बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात गेली होती. ट्रंक कॉल जोडणारी बाई. निवृत्तीनंतर ट्रस्टने त्यांना हॉस्पिटलच्या फोनवर बसवलं. पुढे तारा गेल्या आणि कॉम्प्युटर आले, तर त्या तेही शिकल्या. येणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरच्या मागे वही घेऊन उभ्या राहून शिकल्या. आता वय अडुसष्ट. पदवी नाही, पद नाही. तरी यंत्रांच्या खोलीची चावी त्यांच्याकडेच. शार्दूलला पहिल्या दिवशी सांगितलं गेलं होतं की तुला माईंच्या हाताखाली शिकायचंय. तो हसला होता.

फोन बराच वेळ वाजला. मग वारा ऐकू आला, आणि वाऱ्यातून धापा.

“माई? मी टेकडीवरच आहे. आत्ताच पुन्हा चढून आले. म्हटलं, कुणीतरी करेल फोन.”

“जयवंती, बाई कशी आहे?”

“रडत नाही. पोराला डाव्या हाताने पाजतेय. बोटं हलतात, गरम आहेत. निघताना बघून आले.”

“बरं. आता मला सांग, तू काय करतेस आणि तुला काय दिसतं. का होत असेल ते नको सांगू. दिसतं तेवढंच.”

शार्दूलने सुस्कारा टाकला. माईंनी फोन स्पीकरवर घेतला आणि गजांमधून आत धरला.

“नाव टाकते, ते जातं,” जयवंती म्हणाली. “वय जातं. कुठं लागलं ते लिहिते, तेही जातं. मग फोटो लावते. हिरवी पट्टी पुढं सरकते... एवढीशी सरकते आणि थांबते. मग बराच वेळ काही नाही. मग येतं, पुन्हा प्रयत्न करा.”

“शनिवारी असं व्हायचं?”

“नाही. शनिवारी तीन फोटो गेले. पटापट गेले.”

“पासवर्ड?”

“सात वेळा बदलला, माई. सर म्हणाले म्हणून. आता कुठला खरा तेच मला आठवत नाही, पण मशीन घेतंय आपलं.”

“थांब तिथंच. ठेवू नकोस.”

माईंनी शार्दूलकडे पाहिलं.

“काय म्हणाली?”

“ऐकलं मी.”

“मी विचारलं, काय म्हणाली?”

“फोटो जात नाही म्हणाली. सकाळपासून तेच म्हणतेय.”

माई हसल्या. “ट्रंक लागला की आम्ही कधी विचारायचो नाही, ऐकू येतंय का म्हणून. सगळे हो म्हणायचे. खरखर ऐकू येत असली तरी हो. आम्ही विचारायचो, काय ऐकू आलं ते सांगा.”

“माई, तीन वाजून दहा मिनिटं झालीत!”

“म्हणून तर विचारतेय.”

शार्दूलने दात आवळले. पाठ केलेला धडा म्हणतात तसा तो म्हणाला,

“नाव जातं. वय जातं. कुठं लागलं ते जातं. फोटोची पट्टी थोडी सरकते आणि थांबते. शनिवारी जात होतं.”

“हं.”

“हं काय?”

“मला पुढचं येत नाही. तुला येतं.”

“याचा काही अर्थच लागत नाही!” शार्दूल उठून उभा राहिला. “लाइन एक तर चालू असते, नाहीतर बंद असते. नाव ज्या वाटेने येतं त्याच वाटेने फोटो येतो. वाट तीच, दार तेच, पासवर्ड तोच. एकाला सोडायचं आणि दुसऱ्याला अडवायचं, असा नियमच मी लिहिलेला नाही. मी स्वतः तपासलाय, ओळ न् ओळ!”

तो बोलत राहिला. स्वस्तातली मशीन घेणाऱ्यांबद्दल, प्रशिक्षण न देणाऱ्यांबद्दल, या देशात डोंगरातल्या माणसाला कायम उरलंसुरलंच का मिळतं त्याबद्दल. बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला.

माई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी फोन कट्ट्यावर ठेवला आणि डबा उघडला.

“जेवलास?”

शार्दूलने नकारार्थी मान हलवली.

“सकाळपासून चहावर आहेस. घे.”

कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी होती. जाड, ताटाएवढी. त्यांनी ती अख्खीच उचलली आणि गजांना लावली.

गज वीतभराहून कमी अंतरावर होते. भाकरी गजांवर अडली.

माईंनी ती थोडी वर नेली, तिथे लावली. अडली. खाली आणली, अडली.

“काय करताय माई?”

“भाकरी देतेय तुला.”

“ती जाणारे का तिथून?”

“ठेचा गेला.” आणि खरंच, ठेच्याची वाटी त्यांनी आधीच आत सरकवली होती. “कांदाही गेला. वाट तर तीच आहे.”

त्यांनी पुन्हा भाकरी गजांवर दाबली. कड मोडून थोडा चुरा कट्ट्यावर सांडला. फोनमधून वारा वाहत होता.

“अहो, मोडून द्या ना!” शार्दूल ओरडला. “एवढी मोठी अख्खी कशी जाईल? तुकडे करून...”

तो थांबला.

माईंचा हात गजांवर तसाच होता.

“...तुकडे करून,” शार्दूल पुन्हा म्हणाला. या वेळी हळू, जणू हे वाक्य दुसरंच कुणीतरी बोललं होतं.

“काय झालं?” माईंनी विचारलं.

तो खुर्चीत बसला. अकरा हजार ओळींची खिडकी त्याने बंद केली.

“पिंग केवढा असतो?” तो स्वतःशीच पुटपुटला. “चिमूटभर. मी हजार वेळा चिमूटभर पाठवली...”

त्याने पुन्हा एक पिंग मारला, पण या वेळी त्याला मुद्दाम फुगवून, फोटोच्या एका तुकड्याएवढा करून.

उत्तर आलं नाही.

थोडा लहान केला. नाही. आणखी लहान. नाही. आणखी...

आलं.

त्याच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला.

लाइनवरून कुठलीच गोष्ट अख्खी जात नाही. तिची पुडकी होतात, आणि फायरवॉल प्रत्येक पुडक्यावर स्वतःचं एक वेष्टण चढवते. वेष्टणाने पुडकं फुगतं. डोंगरातली वाट अरुंद आहे, हे पूर्वी कुणाच्या तरी ध्यानात आलं असावं. त्याने फायरवॉलला सांगून ठेवलं होतं की पुडकी जरा लहान बांध. एक आकडा, बस. रविवारी नवं फर्मवेअर आलं आणि त्याने तो आकडा पुसून कारखान्यातला आकडा ठेवला. तेव्हापासून नाव, वय, ‘सर फोटो जात नाही’, एवढंसं सगळं येत होतं. मोठं पुडकं वाटेत गळून पडत होतं, आणि गळून पडलं हे कुणाला कळतही नव्हतं.

“माई, तुम्हाला माहीत होतं?”

“काय?”

“हे. आकड्याचं.”

“कुठला आकडा?”

शार्दूलने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. त्या भाकरीचे तुकडे करत होत्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

त्याने आकडा बदलला. तीन वाजून बत्तीस मिनिटं.

“सिस्टर,” तो गजांकडे तोंड करून म्हणाला, “ऐकताय का...” मग अडखळला. “नाही, म्हणजे, उतरून जा आणि फोटो पुन्हा लावा. पासवर्डला हात लावू नका. काय करायचं ते सांगा बघू मला.”

“उतरते, फोटो लावते, पासवर्ड तसाच,” जयवंती म्हणाली. मग जरा थांबून, “सर, मशीन बंद करून चालू करू का?”

माईंनी पदर तोंडाला लावला.

“नको,” शार्दूल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “सिस्टर... तुमचं काही चुकलेलं नव्हतं. तुम्ही सकाळपासून बरोबर सांगत होतात.”



“बरं झालं सांगितलंत,” जयवंती म्हणाली. “मला वाटायला लागलं होतं, मी फोटोच उलटा लावतेय की काय. पळते आता.”

टेकडीवरून केंद्रापर्यंत उतरायला सात-आठ मिनिटं लागतात. शार्दूल स्क्रीनकडे बघत राहिला. त्याने भाकरीचा एक तुकडा खाल्ला. दुसरा हातात घेतला आणि तसाच धरून बसला.

तीन वाजून त्रेचाळीस मिनिटांनी फोटो आला. वरून खाली, पट्टीपट्टीने काळा-पांढरा कोपर उमटला.

डॉक्टर तडवी धावतच आले. खुर्ची नको म्हणाले. वाकून पाहिलं, मोठा करून पाहिलं, भेगेवरून बोट खाली आणलं आणि सांध्याच्या अलीकडे थांबवलं.

“इथंच थांबलीय. सांधा वाचला.” ते सरळ झाले. “तिला लिही, जीप सोडून दे. प्लास्टर कर, गळ्यात झोळी, आठ दिवसांनी परत फोटो. आणि पोराला डावीकडूनच घे म्हणावं.”

शार्दूलने लिहिलं. जयवंतीचं उत्तर आलं, ‘जीपवाल्याला सांगितलं. हुनाबाई विचारते कौलं कधी चढवू.’

डॉक्टर मोठ्याने हसले. “दीड महिना छपराकडे बघायचं नाही म्हणून सांग तिला!”

ते शिट्टी वाजवत गेले.

खोलीत यंत्रांची घरघर उरली. शार्दूल चप्पल घालून व्हरांड्यात आला आणि माईंच्या शेजारी, कट्ट्याला टेकून उभा राहिला. इथे आल्यापासूनच्या तीन महिन्यांत पहिल्यांदा.

“मी अकरा हजार ओळी वाचत होतो, माई.”

“हो.”

“आणि ती एका ओळीत सांगत होती.”

माई डबा पुसत होत्या.

“मी तिला सगळ्यांसमोर बोललो. ते सगळ्यांसमोरच दुरुस्त करतो.”

त्याने फोन काढला आणि फलकावर लिहू लागला. पुन्हा पुन्हा खोडलं. शेवटी लिहिलं, ‘सकाळची चूक माझी होती, जयवंती सिस्टरची नाही. रविवारच्या बदलामुळे मोठे फोटो अडकत होते. आता दुरुस्त झालं आहे. सर्व केंद्रांचे फोटो नीट येतील.’

पाठवलं.

थोड्या वेळाने एक अंगठा आला. मग दोन. मग चार एकदम. मग टपाटप.

शार्दूल मोजत होता. त्याचा चेहरा उजळला. दिवसभराचा ताण खांद्यांवरून उतरलेला दिसत होता.

“अकरा!” त्याने फोन माईंपुढे धरला. “बघा माई, काकरपाडा सोडून अकराच्या अकरा केंद्रांचे अंगठे आले. सगळीकडे सुरळीत.”

माईंनी चष्मा वर सरकवला. एकेक अंगठा पाहिला, नावासकट, शेवटपर्यंत...

मग फोन त्याच्या हातात परत दिला.

“अंगठा लहान असतो, शार्दूल,” त्या म्हणाल्या. “तो कुठूनही जातो.”